गाडीचा एसी गार हवा देईना : गेजपासून क्लचच्या फटीपर्यंत

गाडी पुण्यातली, आठ वर्षं जुनी, लहान पेट्रोल हॅचबॅक. तक्रार अशी की दर उन्हाळ्याच्या तोंडावर गॅस भरून घ्यावा लागतो, दोन-तीन महिने बरे जातात, मग गारवा उतरत जातो. यंदा तर मे लागायच्या आतच व्हेंटमधून नुसती गरम हवा यायला लागली. आधी जिथे जिथे गॅस भरला गेला तिथे गळती एकदाही शोधलेली नव्हती, फक्त डबा लावून सोडला होता. या कामाची क्रमवार हकिगत इथे मुद्दाम तपशिलात देत आहोत, कारण एसीच्या दुरुस्तीत पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा मोजमाप न करता हात घातल्यामुळे.

एक गोष्ट आधी पक्की धरायची. गाडीचा एसी ही बंद साखळी आहे. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये फवारला जातो, तिथे आतल्या हवेची उष्णता घेऊन पुन्हा वायू होतो आणि कॉम्प्रेसरकडे परततो. यात गॅस खर्च होत नाही. होजच्या रबरातून आणि शाफ्टच्या सीलमधून वर्षाकाठी थोडेफार ग्रॅम झिरपतात, ते वेगळे. पण एका हंगामात साखळी रिकामी होत असेल तर कुठेतरी भोक आहे, आणि ते सापडेपर्यंत नवा गॅस भरायचा नाही.

दाब मोजायचे गेज काढण्याआधी हाताने आणि डोळ्यांनी बरेच कळते. पहिला प्रश्न : हवा कमी येतेय की भरपूर येतेय पण गरम आहे? हवाच कमी असेल तर ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून बघायचा. तो धुळीने गच्च झाला की कूलिंग कॉइलवरून वारा जात नाही, कॉइलवर बर्फ साचतो आणि अर्ध्या तासाने हवेचा जोर, म्हणजे थ्रो, मरतो. एसी बंद केला की पाणी होऊन वारा पुन्हा सुरू होतो. अशा गाडीला गॅस भरणे म्हणजे शुद्ध नुकसान. दुसरा प्रश्न : गाडी चालताना गार आणि सिग्नलला उभी राहिली की गरम, असे होते का? तसे असेल तर संशय कंडेन्सरच्या फॅनवर किंवा जाळीत अडकलेल्या चिखल-कचऱ्यावर. तिसरे : इंजिन सुरू ठेवून, एसी लावून बॉनेटखालचे दोन अॅल्युमिनियमचे पाइप हाताने चाचपायचे. जाड पाइप गार आणि घामेजलेला हवा, बारीक पाइप गरम. जाड पाइप बर्फासारखा गार असूनही व्हेंटमधून कोमट हवा येत असेल, तर एसीचा दोष नाही. हीटर आणि एसी यांची हवा मिसळणारा फ्लॅप किंवा त्याची मोटर अडकली आहे.

या गाडीत थ्रो जोरात होता. फिल्टर धुळकट असला तरी हवा जात होती. एसीचे बटण दाबल्यावर दिवा लागला, पण कॉम्प्रेसरला पट्ट्यावर फिरणाऱ्या पुलीशी जोडणाऱ्या चुंबकी क्लचचा टकदिशी आवाज आला नाही, कंडेन्सरचा फॅनही फिरला नाही. जाड आणि बारीक दोन्ही पाइप सारखेच कोमट. म्हणजे कॉम्प्रेसर चालतच नव्हता. तो का चालत नाही याची आधी तपासायची उत्तरे दोन : वीज पोचत नाही, किंवा गॅस इतका कमी आहे की प्रेशर स्विच वीज जाऊ देत नाही.

इंजिन बंद असताना गेज लावले. निळी नळी जाड पाइपवरच्या पोर्टला, लाल नळी बारीक पाइपवरच्या पोर्टला. आर-१३४ए (या गाडीतला एसीचा गॅस) च्या साखळीत लो साइडचा, म्हणजे कमी दाबाच्या जाड पाइपचा, पोर्ट १३ मिलिमीटरचा आणि हाय साइडचा, म्हणजे जास्त दाबाच्या बारीक पाइपचा, १६ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे कपलर अदलाबदल होत नाही. टोपणांवर एल आणि एच लिहिलेलेही असते. दोन्ही काटे २० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) आसपास थांबले.

या आकड्याचा अर्थ नीट लावायला हवा, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. बंद गाडीत, साखळीत कुठेही थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल, तरी दाब गॅसच्या प्रमाणावर ठरत नाही, तापमानावर ठरतो. आर-१३४ए साठी २५ अंशांना साधारण ८२ पीएसआय, ३० अंशांना ९७, ३५ अंशांना ११४ आणि ४० अंशांना १३३. म्हणजे अर्धा गॅस गेला तरी बंद गाडीत काटा तोच आकडा दाखवेल. 'बंद गाडीत ९५ आहे, गॅस भरलेला आहे' असे कुणी म्हणाले तर ते अर्धसत्य आहे. उलट ३३ अंशांच्या सावलीत १०५ ते ११० अपेक्षित असताना २० दिसत असतील, तर आत द्रवाचा थेंब नाही, फक्त उरलासुरला वायू आहे. साखळी जवळजवळ रिकामी.

या तक्त्याचा आणखी एक उपयोग आहे आणि तो बाजारातला गॅस विकत घेणाऱ्या प्रत्येकाने करावा. डबा किंवा सिलिंडर सावलीत काही तास ठेवायचा, त्याचे तापमान मोजायचे आणि गेजवरचा दाब तक्त्याशी ताडायचा. दाब चांगलाच जास्त आला तर आत हवा, आर-२२ हा दुसरा गॅस किंवा भलतेच मिश्रण आहे. बनावट आर-१३४ए मध्ये मिथाइल क्लोराइडही सापडलेले आहे. ते अॅल्युमिनियमशी रासायनिक क्रिया करते आणि त्यातून तयार होणारी संयुगे हवेशी संबंध येताच पेट घेऊ शकतात. दाब जुळला म्हणजे गॅस शुद्धच आहे असे नाही, पण जुळला नाही तर तो गाडीत घालू नये हे नक्की.

प्रेशर स्विच साधारण २ बारच्या खाली, म्हणजे २८-३० पीएसआयच्या आत, कॉम्प्रेसर बंद ठेवतो. वरच्या टोकाला ३० बारच्या आसपास गेल्यावरही तो तोडतो. आपल्याकडे २० होते, त्यामुळे स्विच आपले काम चोख करत होता. अशा वेळी स्विचचा कनेक्टर काढून दोन तारा एकमेकींना जोडायच्या आणि कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवायचा, ही युक्ती अनेक ठिकाणी चालते. ती करू नये. कॉम्प्रेसरला वेगळा तेलपंप नसतो. तेल गॅसबरोबर साखळीत फिरत परत येते. गॅस नसेल तर तेल परतत नाही, पिस्टन कोरडे घासतात, आणि त्यातून सुटलेला धातूचा भुगा कंडेन्सरमध्ये जाऊन बसतो. आजच्या पॅरलल फ्लो कंडेन्सरच्या नळ्यांची छिद्रे मिलिमीटरभराची, ती धुऊन साफ होत नाहीत. मग कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असे सगळेच बदलावे लागते.

विजेची बाजू तरीही तपासली, कारण गॅस कमी आहे म्हणून क्लच ठीकच असेल असे म्हणता येत नाही. फ्यूज शाबूत. रिले त्याच नंबरच्या हॉर्नच्या रिलेशी बदलून पाहिला, तोही चांगला. क्लचच्या कॉइलचा रेझिस्टन्स मल्टीमीटरवर ३.६ ओहम आला. ३ ते ४ च्या दरम्यान असेल तर कॉइल ठीक धरायची. अनंत दाखवला तर कॉइल तुटली, एकच्या खाली आला तर आतून शॉर्ट, आणि ती फ्यूज उडवत राहणार. इंजिन बंद ठेवून कॉइलला बॅटरीची थेट तार क्षणभर लावली. टक. प्लेट खेचली गेली. फॅनही थेट वीज दिल्यावर फिरला. एवढ्यापुरते वीजकाम समाधानकारक होते.

आता गळती. उरलेला वायू रिकव्हरी मशीनमध्ये ओढून घेतला, हवेत सोडला नाही. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नसला तरी उष्णता अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट भारी आहे. अशा लहान गाडीतला ३८० ग्रॅम गॅस सोडून देणे म्हणजे ५४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे. शिवाय विस्तवाजवळ हा गॅस जळला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, जो फुप्फुसांना घातक आहे. बंद शेडमध्ये, शेजारी वेल्डिंग चालू असताना नळी सोडणे हा धोका कुणी घेऊ नये. हातमोजे आणि चष्मा हवाच : हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांना उकळतो, द्रवाचा फवारा डोळ्यात गेला तर डोळा गोठतो.

गळती शोधताना पहिले साधन टॉर्च. गॅस गळतो तिथे त्याच्याबरोबर तेलही बाहेर येते आणि तेलावर धूळ बसते. समोरचा बंपर सैल करून कंडेन्सर बघितला, तेव्हा खालच्या डाव्या कोपऱ्यात, ब्रॅकेटपाशी, तळहाताएवढा काळपट ओलसर डाग होता. बाकी सगळी जाळी कोरडी, पिवळट धुळीची, आणि नेमका हा तुकडा चिकट. बोट लावून चोळले तर पातळ, हिरवट झाक असलेले तेल. इंजिन ऑइल इतके पातळ नसते. हा डाग म्हणजे जवळजवळ पुरावाच, पण 'जवळजवळ'वर कंडेन्सर मागवायचा नसतो.

म्हणून नायट्रोजन. रेग्युलेटर लावून साखळीत १५० पीएसआयपर्यंत कोरडा नायट्रोजन भरला. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा इथे कधीही वापरायची नाही. त्यात पाणी आणि तेल असते हे एक, आणि आर-१३४ए व हवा यांचे दाबाखालचे मिश्रण पेटू शकते हे दुसरे, जास्त गंभीर. ऑक्सिजनचा सिलिंडर तर तेलाच्या सान्निध्यात स्फोटच करील. दाब भरल्यावर भांड्यांच्या लिक्विडचे दाट पाणी ब्रशने प्रत्येक सांध्यावर लावले. कंडेन्सरच्या त्या कोपऱ्यात, तिसऱ्या-चौथ्या नळीच्या मध्ये, बारीक पांढरा फेस हळूहळू फुगू लागला. मोठा बुडबुडा येत नव्हता, साबूदाण्याहून बारीक बुडबुड्यांचा पुंजका वाढत होता. ब्रॅकेटचे रबर झिजून धातू धातूवर घासला होता आणि नळीची भिंत तिथे पातळ झाली होती.

एक गळती सापडली की माणूस थांबतो. थांबू नये. आठ वर्षांच्या गाडीत दुसरीही असते. सर्व्हिस पोर्टची टोपणे काढून आत साबणाचे पाणी भरले, तर लो साइडच्या पोर्टमध्ये दर काही सेकंदांनी एक बुडबुडा. पोर्टमधली पिन, टायरच्या व्हॉल्व्हमध्ये असते तशीच, तिचे रबर कडक झाले होते. दर वर्षी गॅस भरताना हीच पिन दाबली गेलेली. ही पिन काही रुपयांची असते आणि खास चावीने मिनिटभरात बदलते, पण तिच्याकडे लक्ष न दिल्याने महागाचे कंडेन्सर बदलूनही गॅस पुन्हा जातो. पोर्टचे टोपणही नुसते धुळीसाठी नसते. त्यातली रबरी चकती हा गळतीविरुद्धचा दुसरा अडसर आहे. टोपण हरवलेल्या गाड्या दिसतात तेव्हा वाईट वाटते.

कॉम्प्रेसरच्या शाफ्टपाशी, होजच्या क्रिंपपाशी (होज धातूच्या पाइपवर आवळलेली असते तिथे) आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या सांध्यावर काही नव्हते. मुंबईच्या आणि कोकण-गोव्याच्या गाड्यांत मात्र चित्र वेगळे असते : खाऱ्या दमट हवेने अॅल्युमिनियम खात जाते, तिथे एका भोकाऐवजी कंडेन्सरभर सुईची छिद्रे मिळतात.

नवा कंडेन्सर बसवताना काही गोष्टी घाईने केल्या की काम फुकट जाते. या कंडेन्सरच्या कडेच्या नळकांड्यात ड्रायर आतच असतो. ड्रायरमधले दाणे हवेतला ओलावा शोषून घेतात, म्हणून नव्या भागाची प्लॅस्टिकची बुचे पाइप जोडायच्या क्षणीच काढायची. जुन्या कंडेन्सरबरोबर तेलही गेलेले असते; त्यासाठी अशा लहान साखळीत साधारण ३० मिलिलिटर नवे तेल घालावे लागते. इथे कॉम्प्रेसरवरच्या स्टिकरप्रमाणे पीएजी-४६ हे एसीचे कृत्रिम तेल होते. पीएजी तेल ओलावा ओढते, त्यामुळे उघडून आठवडाभर ठेवलेल्या डब्यातले तेल वापरू नये. ओ-रिंग, म्हणजे सांध्यांतल्या रबरी कड्या, एचएनबीआर रबराच्या, बहुधा हिरव्या येतात त्या, आणि प्रत्येकीला तेलाचे बोट फिरवून मगच बसवायच्या. कोरडी ओ-रिंग आवळताना पीळ घेते आणि कापली जाते. ६ मिलिमीटरच्या बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपास ताण पुरे. अॅल्युमिनियमचे आटे याहून जास्त सहन करत नाहीत. ब्रॅकेटची रबरे नवी घातली, नाहीतर नवा कंडेन्सरही त्याच जागी घासला असता.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल एक इशारा इथेच. त्यांच्या कॉम्प्रेसरची मोटर तेलात बुडालेली असते, त्यामुळे तिथे वीज न वाहू देणारे पीओई तेल लागते. त्यात पीएजी थोडे जरी मिसळले तरी इन्सुलेशन बिघडते. तेच गेज, त्याच नळ्या न धुता वापरणे तिथे चालत नाही. आणि ज्या गाडीत आर-१२३४वायएफ हा नवा गॅस आहे तिची उपकरणे वेगळी. तो गॅस सौम्य ज्वलनशील आहे.

सगळे जोडून पुन्हा नायट्रोजन १५० ला भरला आणि तासभर सोडला. काटा बघताना तापमानाचा हिशेब ठेवायचा : साखळी ५ अंशांनी थंड झाली तर गळती नसतानाही काटा अडीच-तीन पीएसआय उतरतो. इथे काटा जागचा हलला नाही. याचा अर्थ कूलिंग कॉइलही शाबूत, आणि हे कळणे महत्त्वाचे होते, कारण ती बदलायची तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. नायट्रोजनची ही परीक्षा टाळून 'व्हॅक्यूम टिकला म्हणजे गळती नाही' असे धरून चालणारे बरेच आहेत. व्हॅक्यूममध्ये आत-बाहेर फरक फार तर १४-१५ पीएसआयचा असतो आणि तोही बाहेरून आत. चालत्या एसीत हाय साइडला २०० हून जास्त दाब आतून बाहेर ढकलत असतो. व्हॅक्यूममध्ये आत ओढली जाऊन चिकटलेली ओ-रिंग दाबाखाली उघडते.

मग व्हॅक्यूम. याचे काम नुसती हवा काढणे नाही, पाणी उकळवून काढणे हे आहे. २५ अंशांना पाणी उकळायला दाब २४ मिलिमीटर पाऱ्याच्याही खाली न्यावा लागतो. आत पाणी राहिले तर ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठते : वीस मिनिटे गार, मग गरम, पुन्हा गार, असा खेळ सुरू होतो. शिवाय पाणी तेलाशी मिळून आम्ल तयार करते. आम्ही दोन टप्प्यांचा पंप ४५ मिनिटे चालवला आणि वेगळ्या मायक्रॉन गेजवर (मायक्रॉन म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरचा हजारावा भाग) ५०० च्या खाली गेल्यावर थांबवला.

गेजच्या निळ्या काट्यावर व्हॅक्यूम वाचताना आपल्या गावाची उंची विसरू नये. पुस्तकात २९.९ इंच लिहिलेले असते ते समुद्रसपाटीचे, म्हणजे मुंबई-पणजीचे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. इथे हवेचाच दाब २८ इंच पाऱ्याच्या आसपास असतो, त्यामुळे परिपूर्ण व्हॅक्यूमलाही काटा २८ च्या पुढे जाणार नाही. महाबळेश्वरला तर साडेपंचवीसलाच थांबेल. हे माहीत नसल्याने चांगला पंप खराब ठरवून बदललेला आहे आणि नसलेली गळती शोधत दिवस घालवलेला आहे. उलट बाजूने, काटा २७ वर अडला तर मुंबईत ती गडबड आहे आणि पुण्यातही आहेच. म्हणूनच मायक्रॉन गेज. पंपाची चावी बंद केल्यावर त्यावरचा आकडा थोडा चढून स्थिरावला तर तेलातला वायू किंवा शिल्लक ओलावा, पंप आणखी चालवायचा. न थांबता चढतच राहिला तर गळती. इथे तो हजाराच्या आत स्थिरावला.

गॅस भरायचा तो वजनाने. बॉनेटखालच्या स्टिकरवर ३८० ग्रॅम लिहिले होते. बाजारात डबा मिळतो ४५० ग्रॅमचा. 'एक डबा लागतो' या हिशेबाने भरला की ७० ग्रॅम जास्त, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा वर. जास्तीचा द्रव कंडेन्सरच्या खालच्या नळ्यांत तुंबतो, वाफ थंड व्हायला जागा उरत नाही, हाय साइडचा दाब चढतो आणि गारवा कमी होतो. ग्राहक म्हणतो गार नाही, आणि त्यावर आणखी गॅस घातला जातो. डिजिटल वजनकाटा, ५ ग्रॅमपर्यंत वाचणारा, याला पर्याय नाही. गळती बुजवणारे औषध मिसळलेले डबेही वापरू नयेत. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबवतात आणि रिकव्हरी मशीनही निकामी करतात.

डबा लावून नळीतली हवा क्षणभर काढून टाकली. इंजिन बंद ठेवून डबा उलटा धरला आणि हाय साइडची चावी उघडली; व्हॅक्यूममुळे दोनशेच्या वर ग्रॅम आपसूक आत गेले. चावी घट्ट बंद. इंजिन सुरू असताना हाय साइडची चावी उघडली तर कॉम्प्रेसरचा दाब उलटा डब्यात शिरतो आणि डबा फुटतो. ही एक चूक माणूस जायबंदी करते. यानंतर क्लचची पुढची प्लेट हाताने दहा-बारा वेळा फिरवली, म्हणजे सिलिंडरमध्ये द्रव साचला असेल तर हळूच सरकतो. मग इंजिन, एसी, ब्लोअर पूर्ण, आणि उरलेला गॅस डबा सरळ उभा ठेवून लो साइडने, वाफेच्या रूपात, थांबत थांबत. डबा गार पडून गॅस येईनासा झाला तर तो कोमट पाण्यात ठेवायचा, ४० अंशांच्या वर नाही. विस्तव दाखवायचा नाही.

३८० ला वजनकाटा थांबला. बाहेर ३६ अंश, इंजिन १,५०० फेऱ्यांवर, दारे उघडी. लो साइड ३४, हाय साइड २२०, मधल्या व्हेंटमध्ये खोचलेला थर्मामीटर ९ अंशांवर. हे आकडे चांगले आहेत. चंद्रपूर-नागपूरकडे ४५ अंशांत याच गाडीची हाय साइड २७० ते ३०० दाखवेल, तिथे घाबरून गॅस काढू नये.

आकडे असे आले नसते तर? दोन्ही काटे खाली असते तर गॅस कमी. दोन्ही वर असते तर आधी कंडेन्सरवर पाण्याची बादली ओतून पाहावी : हाय साइड झपकन उतरली तर फॅन किंवा कचरा, उतरली नाही तर जास्त गॅस किंवा आत हवा. लो साइड जवळजवळ व्हॅक्यूममध्ये आणि हाय साइडही मंद असेल तर वाटेत अडथळा आहे. बारीक पाइपवर हात फिरवत जावे, जिथे गरम पाइप एकाएकी गार किंवा घामेजलेला लागेल तिथेच तो असतो. आणि लो साइड ८० वर, हाय साइड १२० वर, दोन्ही काटे एकमेकांकडे झुकलेले, तर कॉम्प्रेसर आतून झिजला आहे किंवा व्हेरिएबल (गरजेप्रमाणे कमी-जास्त गॅस दाबणारा) कॉम्प्रेसर असेल तर त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह अडकला आहे. कॉम्प्रेसर मागवण्याआधी हा व्हॉल्व्ह बघावा, कारण अनेक मॉडेलांत तो सुटा मिळतो.

गाडी उन्हात उभी करून, एसी लावून, तासभर तशीच चालू ठेवली. ही परीक्षा गॅस भरल्यावर प्रत्येक गाडीची घ्यावी. अर्ध्या तासाने व्हेंटची हवा चढू लागली : ९, १४, २२. गेजवर दोन्ही काटे हळूहळू एकमेकांजवळ येत होते. बॉनेट उघडले तर पट्ट्यावर पुली फिरत होती, पण पुढची प्लेट स्थिर. क्लच सुटला होता. मल्टीमीटरने कनेक्टरवर मोजले : १३.८ व्होल्ट. म्हणजे स्विच, रिले, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सगळे वीज देत होते आणि क्लच ती घेऊनही पकडत नव्हता.

कारण साधे भौतिक आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो. सकाळी ३.६ ओहम असलेली कॉइल इंजिनच्या झळीने ११० अंशांना पोचली की ४.७ ओहम होते. करंट ३.८ अँपिअरवरून २.९ वर येतो आणि चुंबकाची ओढ खूपच घटते. प्लेट आणि पुली यांच्यातली फट लहान असेल तर एवढी ओढ पुरते. फट मोठी असेल तर गार इंजिनला क्लच पकडतो आणि तापल्यावर सोडतो. सकाळी गॅसच नसल्याने क्लच तापलेल्या अवस्थेत तपासता आलाच नव्हता. हा दोष गॅस भरल्यावरच वर येणार होता. अशा गाड्यांत लोक पुन्हा गॅस तपासतात, कॉम्प्रेसर बदलतात, आणि खरा दोष मिलिमीटरच्या काही दशांशांचा असतो.

फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तीन ठिकाणी घातली : ०.८, ०.८५, ०.९ मिलिमीटर. हवी ०.३५ ते ०.६. आठ वर्षांत पुली आणि प्लेट झिजून फट वाढली होती. प्लेट धरून ठेवून मधला बोल्ट सोडवला, प्लेट ओढून काढली. शाफ्टच्या टोकावर कागदासारख्या पातळ चकत्या असतात, शिम म्हणतात त्यांना. त्यातली ०.४ ची एक काढली, प्लेट परत बसवली आणि पुन्हा तीन ठिकाणी मोजले : ०.४०, ०.४५, ०.५०. पुली हाताने फिरवून प्लेटला घासत नाही याची खात्री केली. शिमच शिल्लक नसती तर प्लेट-पुलीचा सेट बदलावा लागला असता; प्लेट ठोकून वाकवणे हा उपाय नव्हे, ती एका बाजूला घासून जळते.

पुन्हा तोच तास, तेच ऊन. कॉइल तापली, रेझिस्टन्स वाढला, क्लच सुटला नाही. व्हेंट ९ ते १० वर टिकून राहिले, कूलिंग कॉइलचा सेन्सर मधूनमधून क्लच सोडत आणि पकडत होता, तसे व्हायलाच हवे, नाहीतर कॉइलवर बर्फ धरतो. केबिन फिल्टर नवा टाकला. नंतर इंजिन बंद करून इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर प्रत्येक सांध्याखालून आणि डॅशबोर्डचे पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीच्या तोंडाशी धरला. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली शोधायचा. डिटेक्टर गप्प राहिला. दोन्ही पोर्टवर रबरी चकतीची नवी टोपणे लावली आणि बॉनेटच्या आत चिठ्ठी चिकटवली : गॅस ३८० ग्रॅम आर-१३४ए, तेल पीएजी-४६ ३० मिलिलिटर जादा, कंडेन्सर आणि लो साइडची पिन नवी, क्लचची फट ०.४५, पुढे तारीख. पुढच्या उन्हाळ्यात या गाडीला जो हात लावेल त्याने आधी गेज लावून हे आकडे बघावेत, मग डब्याकडे वळावे.